वस्तीला गेलेलं माजघर

जूनमधला पहिला गुरुवार, सकाळचे अकरा. रक्कम सहा लाख चाळीस हजार रुपये. हजर चौघे: संस्थेचे अध्यक्ष आबा, सरकारी खात्याकडून आलेल्या मॅडम, संग्रहालयाचे व्यवस्थापक निंबानाना आणि खजिनदार म्हणून मी. बैठक आमच्या गावच्या गढीत, दिवाणखान्यात झाली. तिथल्या छताच्या दोन तुळयांना खालून लाकडी टेकू दिलेले होते आणि टेकूंच्या जवळ बसायला कोणी तयार नव्हतं. नाना मुद्दाम तिथेच खुर्ची ओढून बसले.

मॅडम तरुण होत्या, धुळ्याहून सकाळच्या गाडीने आल्या होत्या आणि बोलणं सरळ होतं. छपरासाठी वरील रक्कम मंजूर होण्यासारखी आहे, असं त्यांनी सांगितलं. अट एकच. संग्रहालयातली प्रत्येक वस्तू संस्थेच्या मालकीची पाहिजे आणि ती गढीच्या दरवाजाबाहेर जाता कामा नये. ज्यांनी वस्तू दिल्या त्यांच्याकडून दानपत्रावर सह्या घ्याव्यात आणि तीन आठवड्यांत कागद पाठवावेत.

"आणि वस्तू वस्तीला गेली तर?" नानांनी विचारलं.

"कुठे गेली तर?"

"वस्तीला. मुक्कामी. घरी."

"कोणाच्या घरी?"

"तिच्या."

मॅडमनी आबांकडे पाहिलं, आबांनी माझ्याकडे. मी पाण्याचा पेला पुढे केला. निंबानाना काय म्हणत होते ते समजायला मला स्वतःला पहिली दोन वर्षं लागली होती. मॅडमना ते दोन मिनिटांत कळावं अशी अपेक्षा करणं बरोबर नव्हतं.

नाना आता गावात नाहीत. शिंदखेड्याला मुलीकडे राहतात आणि तिथल्या बसस्थानकावर रोज सकाळी चक्कर मारतात, असं मुलगी सांगते. त्यांच्याबद्दल कोणीतरी नीट लिहून ठेवावं असं आबा म्हणाले आणि हे काम माझ्याकडे आलं. मी पतसंस्थेत हिशेब लिहिणारा माणूस. मला माहीत आहे तेवढंच लिहितो.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्थानकावर खिडकीच्या आत बसून गाड्यांची नोंद करणं आणि कर्ण्यावरून गाड्या पुकारणं, हे काम त्यांनी पाचोऱ्याला आणि पारोळ्याला मिळून सगळी नोकरी केलं. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी गढीच्या मालकांनी गढी गावाच्या संस्थेला देऊन टाकली. चार बुरूज, पांढऱ्या मातीचा तट, आत दिवाणखाना, हत्यारं ठेवायचा शिलेखाना, मुदपाकखाना म्हणजे मोठं स्वयंपाकघर, आणि माजघर. मालकांच्या तलवारी, भाले, एक गाडा नसलेली तोफ, दोरीने ओढायचा पंखा आणि पालखीचा सांगाडा एवढं सामान आत होतं. ते दाखवायला माणूस पाहिजे होता. नानांना वेळ होता आणि आवाज होता.

आवाजाचं सांगायलाच हवं. पाहुणे दोन असोत की सहलीची पन्नास पोरं, नाना दोन्ही तळवे तोंडाशी धरून दालन पुकारत. "शिलेखान्याकडे जाणाऱ्यांनी डाव्या हाताच्या दरवाजाजवळ यावं! शिलेखाना, दिवाणखाना, मार्गे जिना!" पोरं खूश होत. एखादा गंभीर माणूस आला तर तो आधी दचकत असे, आणि मग मुकाट्याने डाव्या हाताच्या दरवाजाजवळ येत असे. दर दालनाची वेळ ठरलेली होती. एकदा एका शाळेच्या बाई तलवारींपाशी जरा जास्त रेंगाळल्या, तर नाना त्यांना म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळे मागची गाडी खोळंबली." मागे कोणी नव्हतं. बाईंनी वळून पाहिलं, तिथे फक्त मी उभा होतो, तिकिटांचं पुस्तक घेऊन.

नानांचा इतिहास मात्र कच्चा होता, आणि हे मी त्यांच्या तोंडावर अनेकदा सांगितलं आहे. गढीच्या मोठ्या दरवाजाला खालच्या बाजूला एक खोल पोचा आहे. नाना सांगत, हा तोफगोळ्याचा. मी गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून खात्री केली होती. कापसाच्या गाड्या आत नेताना जुवाची टोकं लागून तो पोचा पडला होता. मी नानांना सांगितलं.

"असेल," नाना म्हणाले. "पण खजिनदार, बैलगाडीने पडलेला पोचा बघायला पारोळ्याहून कोण येईल? पोचे तर त्यांच्या घरच्या दरवाजालाही आहेत."

"म्हणून खोटं सांगायचं?"

"खोटं नाही. मी म्हणतो, 'असं म्हणतात.'"

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो ना."

तलवारीचंही तसंच. ती पाच शेरांची आहे असं ते सांगत. मी ती किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवली, एक किलो दोनशे भरली. नानांनी आकडा शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "तुम्ही रिकामी मोजली. धरणाऱ्याचा हात थरथरत असेल तेव्हा मोजा." शेवटी आमचं ठरलं. पाट्या मी लिहायच्या, बोलायचं त्यांनी. त्यामुळे आमच्या संग्रहालयात पाहुणा एक वाचतो आणि एक ऐकतो, आणि मग दोघांकडे बघून हसतो. धुळ्याचे इतिहासाचे एक प्राध्यापक आले होते, त्यांना नानांनी मागच्या बुरजाखालचं भोक दाखवून सांगितलं की हे भुयार थेट पारोळ्याच्या किल्ल्यात निघतं. प्राध्यापकांनी माझी पाटी वाचली. पाटीवर 'सांडपाण्याचा नाला' असं होतं. त्यांनी नानांना विचारलं, तुम्ही कधी आत गेला होतात का? नाना म्हणाले, "नाही साहेब. त्या मार्गावर आपली गाडी नाही." प्राध्यापक इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. दुसऱ्या वर्षी ते विद्यार्थी घेऊन आले आणि भुयारापासूनच सुरुवात करा म्हणाले.

माजघराची कल्पना मात्र पूर्णपणे नानांची, आणि त्यामागे कसलाही मोठा विचार नव्हता. पहिल्या वर्षी त्यांनी पाहिलं की तलवारी बघून पुरुष पाच मिनिटांत बाहेर येतात आणि बायका दाराशीच उभ्या राहतात. माजघर रिकामं होतं. नानांनी स्वतःच्या घरातली, बायकोच्या मागे कोणी न वापरलेली मोठी परात आणून तिथे भिंतीला टेकवून ठेवली. त्या दिवशी दोन बायका परातीपाशी उभ्या राहून बराच वेळ बोलत होत्या. कोणाच्या लग्नात किती कणीक मळली, कोणाची सासू कशी होती, हे सगळं त्या परातीवरून निघालं. नाना संध्याकाळी मला म्हणाले, "खजिनदार, गर्दीचा मार्ग सापडला."

मग ते घरोघर गेले. घंगाळं, समया, हंडे, ताकाच्या रव्या, पोळ्याच्या सणाला बैलांवर घालायच्या झुली, मांडे भाजायची खापरं. लोकांनी वस्तू दिल्या, पण बहुतेकांनी एक अट घातली. ही अट सगळ्यात आधी घातली ती वेणूअक्कांनी. वेणूअक्का म्हणजे नदीच्या बाजूच्या गल्लीतल्या, केळीचा मळा असलेल्या घरातल्या सगळ्यात मोठ्या बाई. त्यांच्याकडे पितळी पत्र्याने मढवलेला एक चौरंग होता. श्रावणात आमच्याकडे घराघरांत कानबाई बसते, नारळाला देवीचं रूप देऊन, नथ घालून चौरंगावर बसवतात, रात्र जागवतात आणि सोमवारी नदीवर बोळवण करतात. अक्कांच्या घरची कानबाई त्याच चौरंगावर बसत असे.

"ठेव तुनाकडे," अक्का म्हणाल्या. "पन कानबाई बसस तव्हय मी लई जासू. हाई कबूल शे का?"

"कबूल शे अक्का," नाना म्हणाले. "कोनी आडावं त माले सांग."

बाकीच्यांनीही तेच मागितलं. झूल पोळ्याला घरी जाईल, घंगाळ हळदीला, खापर अक्षय्य तृतीयेला. नाना प्रत्येकाला 'कबूल' म्हणत गेले. एसटीत रात्रीच्या मुक्कामाला खेड्यात जाणाऱ्या गाडीला वस्तीची गाडी म्हणतात; रात्री गावात थांबते आणि सकाळी पहिल्या फेरीला परत येते. नानांनी तोच शब्द इथे आणला. पत्र्याच्या छोट्या पाट्या रंगवून घेतल्या, 'वस्तीला गेले आहे'. वस्तू घरी गेली की तिच्या जागी ती पाटी उभी. लग्नसराईत माजघरात कधी कधी निम्म्या पाट्याच असत. पाहुण्यांनी तक्रार केली तर नाना घर कोणतं ते सांगत आणि म्हणत, "जाऊन बघा, चहा मिळेल. त्याचं तिकीट नाही."

एकदा एक खापर वस्तीला गेलं ते फुटलं. मांडे करताना चुलीवरच दोन तुकडे झाले. घरची सून रडत गढीत आली, पदराखाली तुकडे घेऊन. मला काळजी पडली; आता ही गोष्ट गावभर होणार आणि लोक वस्तू मागे घेणार. नानांनी तुकडे हातात घेतले, वास घेतला.

"पुरन कसानं व्हतं?"

"हरभरानी दायनं," सून हुंदके देत म्हणाली.

"कितला मांडा झाया?"

"पंधरा. सोळावाले फुटनं."

नानांनी ते तुकडे होते तसेच, काजळीसकट, जागेवर ठेवले आणि मला पाटी लिहायला लावली: 'खापर. सोळाव्या मांड्याला फुटले.' मी ते लिहिलं, कारण ते खरं होतं. माजघरात सगळ्यात जास्त लोक याच पाटीपाशी थांबतात. त्या सुनेने पुढच्या महिन्यात माहेरून दुसरं खापर आणून दिलं.

तर अशी ती वस्तीची पद्धत, आणि मॅडमच्या कागदाने ती बंद होणार होती. बैठक संपल्यावर आबा मला आणि नानांना म्हणाले, "लोकसले काय फरक पडस? सह्या घ्या. एकदा छप्पर होऊ द्या, मंग देखू." मलाही ते पटलं होतं. मी सुताराकडून अंदाज घेतला होता. दिवाणखाना, शिलेखाना आणि माजघर मिळून सहा लाख चाळीस हजारात बसत होते, वर काही उरत नव्हतं. पैसे नाही आले तर दोन पावसाळ्यांत दिवाणखान्याचं छत खाली येणार हे सुताराने मला लेखी दिलं होतं. नानांनाही ते माहीत होतं. टेकू त्यांनीच लावून घेतले होते. गढी पडली तर या वयात आपण कुठे जाऊन पुकारणार, असं ते एकदा हसत म्हणाले होते, पण हसणं वरवरचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांना स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही निघालो. पहिलं घर झूल देणाऱ्या दगडूभाऊंचं. नानांनी पिशवीतून दानपत्र काढलं आणि घसा साफ केला. त्यांना ते वाचून दाखवायचं होतं.

"दगडूभाऊ, हाई अशी गोष्ट शे की..."

"नाना, सही कोठे करनी शे तठे बोट ठेव," दगडूभाऊ म्हणाले आणि सही करून मोकळे झाले. "बस, चहा ले."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी मालक शेतात होते, त्यांच्या बाईंनी मुलाला हाक मारून सही करायला सांगितली आणि नानांसमोर केळी ठेवली. नाना प्रत्येक ठिकाणी बोलायला सुरुवात करत आणि प्रत्येक ठिकाणी लोक त्यांना मध्येच थांबवत. माझ्या हिशेबाने काम उत्तम चाललं होतं. दुपारपर्यंत अठरा सह्या झाल्या. नाना मागे बसून काही बोलत नव्हते, एवढं मला जाणवलं, पण ऊन होतं आणि स्कूटरवर बोलायचं काय, असं मला वाटलं.

शेवटचं घर वेणूअक्कांचं. अक्का अंगणात गव्हाला ऊन देत होत्या. नानांनी कागद पुढे केला आणि या वेळी काही न बोलता नुसते उभे राहिले. अक्कांनी हात पदराला पुसले, पेन घेतलं आणि मोठमोठ्या अक्षरांत सावकाश नाव लिहिलं.

"अक्का," नाना म्हणाले, "यामा काय लिखेल शे ते इचारं नही तू."

"तू लयना ना कागद? मंग त्यामा काय वाचनं?"

नानांनी कागद घडी करून पिशवीत टाकला. पाणी प्यायले. आम्ही परत आलो. गढीच्या दरवाजात ते स्कूटरवरून उतरले आणि पिशवी माझ्याकडे न देता घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी पतसंस्थेत निघालो होतो, तेवढ्यात चौकातून आवाज आला. नाना पारावर उभे होते, तळवे तोंडाशी धरून. "लक्ष द्या! काल ज्यांनी गढीच्या कागदावर सही केली त्यांनी ऐकावं! या कागदाने तुमची वस्तू कायमची संस्थेची होते! पोळ्याला, लग्नाला, कानबाईला परत मिळणार नाही! कोणालाच नाही! कागद मी घरोघर परत आणून देतोय! हे ऐकूनही ज्यांना द्यायचं असेल त्यांनी संध्याकाळपर्यंत गढीत आणून द्यावा!" लोक दुकानांतून बाहेर आले. कोणीतरी विचारलं, "आन् नही दिधा त?" नाना म्हणाले, "त छप्परले पैसा कमी भेटतीन. ते मना डोकानं काम शे, तुमचं नही."

सगळे कागद त्यांनी दुपारपर्यंत वाटून टाकले. संध्याकाळी गढीत तिघे आले आणि त्यांनी दानपत्रं दिली. दोन समया आणि एक हंडा. बाकी कोणी आलं नाही.

आबा इतके चिडलेले मी आधी कधी पाहिले नव्हते. दिवाणखान्यात उभे राहून ते ओरडले, "बठ्ठा गाव सही करी ऱ्हायंता, आन् तू कागद वापस वाटत सुटना! तुले काय चावनं?"

नाना टेकूपाशी बसले होते.

मीही चिडलो होतो, फक्त हळू आवाजात. मी म्हणालो, "नाना, फसवणूक कुठे होती? कागदावर सगळं मराठीत छापलेलं होतं. वाचलं नाही तो दोष त्यांचा."

"खजिनदार," नाना म्हणाले, "माणूस पाटी न वाचता गाडीत चढला आणि चाळीसगावऐवजी चोपड्याला गेला, तर दोष कोणाचा?"

"त्याचा."

"बरोबर. आणि मी खिडकीत बसलोय, मला त्याची पिशवी माहीत आहे, त्याचं गाव माहीत आहे, आणि तो चोपड्याच्या गाडीत चढताना मला दिसतोय. तर मी हाक मारायची की नाही?"

मी आलेली तीन दानपत्रं पुन्हा मोजली.

"एकानं तरी विचारलं असतं," नाना म्हणाले, "तर मी कागद ठेवले असते. कोणी विचारलंच नाही हो. एवढी गर्दी माझ्या एकट्याच्या भरवशावर चढली तर गाडी मी कशी सोडू?"

आबा थोडा वेळ फेऱ्या मारत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडमले फोन लाव."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. नियम बदलता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण गढीबरोबर आलेल्या मालकांच्या वस्तू तर संस्थेच्याच आहेत, म्हणजे दिवाणखाना आणि शिलेखाना अटीत बसतात. त्या दोन दालनांपुरता प्रस्ताव पाठवा. नव्या दानपत्राच्या दोन समया आणि हंडा दिवाणखान्यात मांडा. माजघर कागदावरून काढा. ते संग्रहालयाचा भाग नाही, गावाची खोली आहे असं समजा. तसं केलं तेव्हा चार लाख दहा हजार मंजूर झाले. टेकू निघाले, तुळया नव्या आल्या. काम सुरू झालं तेव्हा पाऊसही लागला होता, पण ते ताडपत्रीखाली चालू राहिलं.

माजघराचं काय करायचं हा प्रश्न राहिला. सुतार वर चढून आला आणि म्हणाला, या मोसमात या खोलीत काही ठेवू नका. आबा नानांना म्हणाले, "घे. आते लोकसन्या वस्तू भिजाड."

नाना थोडा वेळ छपराकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "आबा, पावसाळ्यात घाटातली गाडी आपण बंद करतो की नाही? वेळापत्रकातच असतं, पावसाळा संपेपर्यंत बंद. त्यात गाडीचा अपमान नाही आणि घाटाचाही नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे बठ्ठं माजघर वस्तीला. दसऱ्याला परत."

आणि तसंच झालं. एका रविवारी सकाळी लोक हातगाड्या घेऊन आले. नाना दरवाजात उभे राहून एकेक वस्तू पुकारत होते आणि घंगाळं, हंडे, झुली आपापल्या गल्लीला लागत होत्या. माजघर रिकामं झालं आणि पाट्यांची रांग उभी राहिली. मी मनात धरून ठेवलं होतं की दसऱ्याला निम्म्याच परत येतील. आल्या सगळ्या. एक समई मागे राहिली होती, तीही दिवाळीनंतर घासूनपुसून आली, आधीपेक्षा स्वच्छ. तेव्हापासून दरवर्षी हेच चालू आहे. त्या छपराला अजून पैसे मिळालेले नाहीत आणि आता त्याची कोणाला घाईही दिसत नाही.

पण नानांना मी शेवटचं ज्या रूपात लक्षात ठेवलं आहे ते दसऱ्याच्या आधीचं, त्याच श्रावणातलं. कानबाईच्या रविवारी अक्कांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. देवी त्याच चौरंगावर बसली होती, केळीच्या खांबांमध्ये, नथ घालून. पितळेला चिंच लावून इतकं चकचकीत केलं होतं की गढीत आम्ही तो चौरंग वर्षभर कसा ठेवला होता असं मला वाटलं. गल्लीतल्या बायका गाणी म्हणत होत्या. आम्ही ओसरीवर बसलो.

कानबाईच्या प्रसादाचे रोट असतात. त्यासाठी गहू मोजून घेतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. बाहेरच्याला, तो कितीही जवळचा असला तरी, देत नाहीत. अक्कांच्या घरी हा नियम कडक होता. मला चहा आला. तेवढ्यात अक्का आतून ताटली घेऊन आल्या आणि त्यांनी ती नानांच्या पुढ्यात ठेवली. ताटलीत रोट होता.

त्यांचा मुलगा दारातच उभा होता. तो पुढे आला आणि हळूच म्हणाला, "अक्का, नाना आपला भाऊबंद नही ना. रोट बाहेरनासले देतस नही."

"माले शिकाडू नको," अक्का म्हणाल्या. "मना चौरंग इतला वरीस कोनी संभाळा? तुना काकानी का?"

"पन गहू त नावनाच मोजेल शेतस..."

"मीच मोजेल शे. नानाना नावनी मूठ टाकेल शे मी त्यामा."

दोन वयस्कर भाऊबंद भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांतल्या थोरल्याने सरकून नानांना पंगतीत जागा करून दिली. नाना उठले, त्या जागेवर जाऊन बसले आणि ताटली मांडीवर घेतली. ज्या माणसाचा आवाज गढीच्या दरवाजातून नदीपर्यंत जात असे, त्याच्या तोंडून त्या संध्याकाळी एक शब्द निघाला नाही. मान खाली घालून त्यांनी रोटाचा तुकडा मोडला आणि खूप सावकाश खाल्ला. पुढच्या वर्षी होळीनंतर मुलगी येऊन त्यांना शिंदखेड्याला घेऊन गेली.

हिशेब लिहून संपवतो. मंजूर चार लाख दहा हजारांपैकी सागवानाचे, कौलांचे आणि मजुरीचे पैसे ज्याचे त्याला पोचले, पावत्या माझ्याकडे आहेत. निंबानानांनी संस्थेकडून मानधन कधी घेतलं नाही, त्यामुळे त्यांच्या नावावर रोख काही निघालं नाही. त्यांना मिळालं ते सव्वा मूठ गहू, वेणूअक्कांच्या हातून.